लाल मूठ

सेमिसीचा हात बॅटऱ्या एकमेकींना जोडणाऱ्या लाल मुठीकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मुठीच्या बरोबर खाली त्याची आत्या बसली होती.

आत्या लेसिएली बोटीवरच्या फ्रीझरच्या झाकणावर, भिंतीला पाठ टेकून बसली होती. मांडीवर मीटर, पायाशी विणलेली टोपली. सोमवार उजाडत होता. काल दिवसभर गावच्या धक्क्याला एकही इंजिन वाजलं नव्हतं. रविवार प्रार्थनेचा, त्या दिवशी इथे वाजत नाहीच. शनिवारी संध्याकाळपासून फ्रीझर नुसत्या बॅटऱ्यांवर चालला होता. आत दोनशे किलो ट्यूना होता आणि नेइआफू बंदरातून जहाज आठला सुटणार होतं. मागचे दोन सोमवार सेमिसीचं इंजिन सुरू झालं नव्हतं. आज तिसऱ्यांदा मासा चुकला, तर व्यापारी दुसरी बोट धरणार होता.

"आत्या, जरा सरकता का?"

"कशाला?"

"मूठ 'दोन्ही'वर फिरवतो. फ्रीझरच्या चार बॅटऱ्यांचा काटा बघा. बारा व्होल्टच्याही खाली गेलाय. मेल्या त्या."

"मेल्या नाहीत, दमल्या. छत्तीस तास राबल्यावर तू काय नाचला असतास?"

शेजारच्या बोटीवरून लिसिआते ओरडला, "सेमिसी, ओढून न्यायला दोर टाकू? की आधी प्रार्थना?"

"प्रार्थना काल झाली," लेसिएली मान न वळवता म्हणाली. "दोर गुंडाळून ठेव."

लिसिआतेने दोर हातातच ठेवला.

सेमिसी उकिडवा बसला. आत्यापेक्षा उंच राहून तिच्याशी वाद घालणं बरं दिसत नव्हतं. "इंजिनची धरून पाचही जोडल्या तर जोर वाढेल ना?"

"गेल्या दोन शनिवारी जोडल्यास. काय वाढलं?"

रविवार निभावा म्हणून सेमिसीने दोन्ही वेळा शनिवारी मूठ 'दोन्ही'वर केली होती. फ्रीझरने चारही खाल्ल्या आणि त्यांच्याबरोबर इंजिनची एकटी बॅटरीसुद्धा.

"आता त्या चार रिकाम्या आहेत," लेसिएली म्हणाली. "भरलेली त्यांना जोडलीस, तर आधी त्या तिला पितील. इंजिनला काय उरेल?"

"पण ती एक तरी भरलेली आहे कशावरून? तीही काल इथेच होती."

"इथे होती, पण वेगळी होती." तिने भिंतीवरच्या ठोकळ्याकडे बोट केलं. ॲल्युमिनियमचा, पात्यापात्यांचा, विटेएवढा तो आयसोलेटर तिने शनिवारी दुपारी बसवला होता. "इंजिनची वीज याच्यातून दोन्हीकडे जाते. पण इकडची तिकडे जात नाही. परतीची वाटच नाही."

"लिसिआते म्हणतो, हा ठोकळाच वीज खातो."

"खातो. पाऊण व्होल्ट. शनिवारी इंजिनवर वीज करणाऱ्या अल्टरनेटरची एक तार मी हलवली, आठवतं? तो आता ठोकळ्याच्या पलीकडे, बॅटरीपाशी मोजतो. जेवढं खाल्लं जाईल तेवढं जास्त देतो." तिने मीटरच्या तारा इंजिनच्या बॅटरीला लावल्या आणि मीटर त्याच्यापुढे धरला. "वाच."

"बारा पॉइंट सात."

"शनिवारी किती होती?"

"तेवढीच."

"मग किल्ली फिरव."

सेमिसीने मुठीकडे पुन्हा पाहिलं. हात लांब केला असता तर पोचला असता. पण तो आत्याच्या डोक्यावरून न्यावा लागला असता, आणि तसं करायचं नाही हे तो चालायच्या आधी शिकला होता. ती तिथेच का येऊन बसली, हेही त्याच्या आता लक्षात आलं.

"आत्या, हे नाही चाललं तर..."

"चालेल."

त्याने किल्ली फिरवली. इंजिन एकदा कण्हलं, दुसऱ्या फेरीला धडधडलं आणि सुरू झालं. धक्क्याजवळ पाण्यावर काळा धूर पसरला. लिसिआतेने तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि दोर गुंडाळायला घेतला.

लेसिएलीने ठोकळ्याच्या पात्यांवर तळवा ठेवला. थोड्या वेळाने तिने सेमिसीचा हात धरून तिथे टेकवला. पाती कोमट झाली होती. काट्यावर फ्रीझरच्या बॅटऱ्या तेरावर आल्या आणि सावकाश वर सरकू लागल्या.

"नेइआफूला पोचेपर्यंत इंजिन बंद करू नकोस," ती म्हणाली आणि झाकणावरून उठली.

सेमिसीने लगेच झाकण उघडलं. इथल्या रीतीप्रमाणे भावाच्या मुलाच्या बोटीवरून आत्या हवं ते नेते, कोणी विचारत नाही. त्याने सगळ्यात मोठा मासा दोन्ही हातांनी उचलून तिच्या टोपलीपाशी आणला.

"ठेव तो आत. थंडी बाहेर जातेय."

तिने टोपलीतून स्क्रूड्रायव्हर काढला. भिंतीवरच्या लाल मुठीचा स्क्रू सोडवला, मूठ ओढून काढली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि टोपलीत टाकली. भिंतीवर पितळेचा आखूड दांडा तेवढा राहिला.

"आत्या! आणि समुद्रात खरंच अडलं तर?"

"जोडायच्या तारा खालच्या खणात आहेत. त्या लावायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात माणूस विचार करतो."

ती धक्क्यावर उतरली. सेमिसी मासा छातीशी धरून तसाच उभा होता.

"आणखी काही नको?"

"दर सोमवारी मी काही इथे येऊन बसणार नाही," लेसिएली म्हणाली आणि तिने टोपली काखेत मारली.