खिडकी जरा डावीकडे

बांधकाम रखडलं ते गवंड्यांच्या आळसाने, असं मालक म्हणत. मालकांच्या लुडबुडीने, असं ठेकेदार बाई म्हणत. निवाडा करणारे पंच पाहणीला आले, तेव्हा बाई त्यांना घेऊन बांधकामावर फिरू लागल्या. आज हरल्या तर धंद्यातलं नाव मातीत!

"मालक परगावी होते ना साहेब, तेव्हा याच गवंड्यांनी ती मागची भिंत बघता बघता चढवली."

"पण मालक कामात खोडा घालतात, याला पुरावा?"

पुरावा कुठला! सगळं तोंडी. तेवढ्यात पलीकडून मालक ओरडले, "अरे थांबा, थांबा! ही खिडकी पाडा, जरा डावीकडे घेऊ."

गवंड्यांच्या थाप्या हवेतच थांबल्या. पंच वळून बघू लागले. बाईंचा लेक तावातावाने पुढे धावला, तशी त्यांनी त्याची कॉलरच धरली.

"गप रे मेल्या! आज त्यांना हव्या तेवढ्या खिडक्या हलवू दे."