न उजळलेला माणूस

इंगुनने दिवे घालवले आणि त्या लांबलचक खोलीत क्षणभर कोणालाच कोणी दिसेना. मग तिच्या हातातला जांभळा दिवा लागला आणि माणसं उजळली.

शरदातल्या काळोखात वल्हं पाण्यात घातलं की समुद्र कसा निळाहिरवा पेटतो, तशी. कुणाच्या बाहीवर पाच बोटांचे ठसे, कुणाच्या गालावर नुसता अंगठा. कॉफीच्या किटलीचा कान चमकत होता, वॅफलच्या साच्याचा दांडा चमकत होता. सॅमन माशाला धुरी देऊन विकणाऱ्या त्या बेटावरच्या कारखान्यातली माणसं एरवी हसायचं म्हटलं तरी हवामान बघून हसणारी. तीही पोरांसारखी एकमेकांना दाखवू लागली.

"सकाळी मी फक्त एकाच व्यक्तीशी हात मिळवला," इंगुन म्हणाली. अन्नसुरक्षेचे धडे द्यायला ती शहरातून आली होती, आणि त्यासाठी आज मासे कापायचं काम बंद होतं. "गुनवोरशी. माझ्या तळहाताला एक भुकटी होती. साध्या उजेडात ती दिसत नाही. ती म्हणजे जंतू असं समजा, आणि दुपारपर्यंत कुठे कुठे पोचले ते बघा."

"गुनवोरचे जंतू स्टाइनारच्या कमरेवर कसे गेले, ते आधी विचारा!" काळोखातून कुणीतरी ओरडलं.

"एप्रनची गाठ मारली मी त्याच्या, मेल्या!" गुनवोर म्हणाली. साठीची, दणदणीत आवाजाची बाई. सगळे हसले. खरं तर प्रत्येकाच्याच पाठीवर गाठ चमकत होती. तिथे कामाला उभं राहण्याआधी एकाने दुसऱ्याची गाठ मारायची, दुसऱ्याने तिसऱ्याची, अशी रीतच आहे; आज काम बंद असूनही ती चुकली नव्हती.

जांभळा उजेड ओळीने सरकत टोकाला गेला आणि तिथे काहीच दिसेना. दिवा बिघडला की काय, म्हणून इंगुनने तो हलवून पाहिला. दिवा ठीक होता. तिथे ओद्वार उभा होता आणि त्याच्या अंगावर एक ठिपका नव्हता.

गेल्या नाताळच्या आधी मागणी इतकी वाढली होती की काप करायचं यंत्र सुटं करून धुण्याऐवजी वरवर पाणी मारून पुन्हा सुरू करत. सगळ्यांना माहीत होतं. तपासनीस आले तेव्हा ओद्वारने त्यांना पात्यामागची जागा दाखवली. तिथे जंतू सापडले. ऐन हंगामात कारखाना बंद राहिला आणि घरोघरी नाताळ कोरडा गेला. त्यानंतर ओद्वारला वाळीत टाकायचं असं कुणी ठरवलं नाही. बेटावर असल्या गोष्टींना सभा लागत नाही. सुट्टीत कॉफीबरोबर फिरणारी वॅफलची थाळी त्याला वगळून मागूनच पुढे जायला लागली, एवढंच. तो सगळ्यांच्या आधी यायचा, कॉफी घरून आणायचा, गाठ स्वतःच मारायचा. पलीकडच्या किनाऱ्यावर त्याने दुसरी नोकरी बघितली होती. जिथे बापाची होडी हाकायला शिकला ते बेट शनिवारी सोडायचं होतं. त्याने हे कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला कुणी नव्हतंच.

इंगुनला यातलं काय ठाऊक! तिचा चेहरा नुसता फुलला.

"बघा! याला म्हणतात शिस्त! एवढ्या वर्षांत असा माणूस मी पाहिला नाही. ओद्वार, कसं जमवलंत हे? सांगा ना सगळ्यांना."

सगळ्यांवर उजेड पडेल असा तिने दिवा उंच धरला. विचारलं की हा माणूस खरं सांगतो, हे त्या खोलीत सगळ्यांना पक्कं माहीत होतं. त्याचा गुन्हा तोच होता. काळोखात तरंगणारी ती सगळी चमकती बोटं जागच्या जागी थबकली.

ओद्वारने त्या बोटांकडे बराच वेळ पाहिलं. कुणाची कुठली, हे त्याला न सांगता ओळखता येत होतं.

"मी जरा सावकाश काम करतो," तो म्हणाला. "दुसरं काही नाही."

लाज वाटली. सगळ्यांनाच वाटली, पण गुनवोरला सोसेना. यंत्रात सापडले होते ते जंतू पोटातल्या बाळाचं काय करतात, हे इंगुनने सकाळीच सांगितलं होतं. गेल्या नाताळात गुनवोरची लेक सात महिन्यांची गरोदर होती, आणि इथले सॅमनचे तुकडे गुनवोर रोज कौतुकाने घरी नेत होती. ओद्वारने दाखवलं, कारखाना बंद झाला, म्हणून नेणं थांबलं. सकाळपासून ती हे एकटीच मनात घोळवत होती. नात आता रांगायला लागली आहे.

चमकणारे दोन तळवे काळोखातून हळूहळू ओळीच्या टोकाकडे गेले. त्यांनी ओद्वारचे हात चाचपून शोधले आणि घट्ट धरले.

"किती गार पडलेत रे तुझे हात," गुनवोर म्हणाली.

त्याने हात सोडवून घेतले नाहीत. मग स्टाइनारने येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली. मग कुणी खांद्याला धरलं, कुणी दंडाला, कुणी नुसतंच त्याच्या टोपीवर टपली मारून गेलं. बघता बघता ओद्वार डोक्यापासून कमरेपर्यंत उजळला, आणि त्याच्या गालांवरून जे ओघळत होतं तेही उजेडात दिसू लागलं.

"अहो, हे काय करताय!" दिवा हातात धरून इंगुन कळवळून म्हणाली. "सबंध कारखान्यात एकच माणूस स्वच्छ होता, त्यालाही लावलंत!"