दुर्गाच पहिली

कुडव्याच्या प्रार्थनाघरात पंधरा वर्षं पहिलं गाणं अल्काबाईच धरायची. मागच्या नाताळात कामठ्याहून दुर्गा मंडळीतल्या एका घरी सून होऊन आली, सगळे तिच्या गळ्यावर भाळले आणि खंजिरी तिच्या हातात गेली. "काय गोड गाते वं पोरगी!" असं कुणी म्हटलं की अल्काबाईच्या पोटात दुखायचं. देवानं काय केलं याची साक्ष द्यायला उठणार दुर्गा पहिली, आजाऱ्याच्या घरी प्रार्थनेला पोचणारही दुर्गाच पहिली.

रविवारी प्रभुभोजनाची भाकर वाटण्याआधी पाळक म्हणाले, "ज्याच्या मनात कुणाबद्दल अढी असेल, त्यानं आधी त्याच्या दारी जाऊन ती मिटवावी. मगच ही भाकर घ्यावी." अल्काबाईनं भाकरीचं ताट तसंच पुढं सरकवलं. बाजूच्या बायका बघतच राहिल्या. सहा दिवस तिला जेवण गोड लागलं नाही. शनिवारी मात्र तिनं मन घट्ट केलं, स्कुटी काढली आणि दुर्गाचं दार वाजवलं.

दुर्गानं दार उघडलं, तर ती चप्पल घालूनच उभी होती. अल्काबाईला पाहताच तिला रडू फुटलं.

"बाई, मी तुमच्याकडेच यायले निघाली होती. सारे तुमाले केवढं मानतात, मले ते पाहवे नाही जी. मले माफ..."

अल्काबाईनं झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला.


"चूप राय वं! आज तरी मले पयले बोलू दे."