मीठ सोडलं

राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की मटण सगळेच सोडतात, म्हणून यंदा मी ईस्टरपर्यंत मीठच सोडलं. येशूसाठी सोसायचं, तर ते अर्धवट कशाला? फादरही म्हणाले, “रेजिना, त्याग असावा तर असा!” पण आळणी जेवून जीव नुसता कासावीस होतो; दिवसभर घरात सगळ्यांवर खेकसत असते.

काल शेजारची सगुणा मिठागरातून परतताना माझ्या पायरीवर टेकली.

“बाय, तू मीठ सोडलंस म्हणं?”

“व्हय गो. सोपं नाय ते.”

“म्हाईत हाय,” मिठानं चिघळलेल्या टाचांवर फुंकर घालत ती म्हणाली. “तुला कसं जमलं, मला पन सांग ना गो. माझ्या आईचं तर मरेस्तोवर सुटलं नाय.”