भिंतीपलीकडची पंगत

एकोडी गावातल्या घराच्या वाटण्या झाल्या, तेव्हा ताराचंदनं अंगणाच्या मधोमध पाया खोदला. त्यात काँक्रीट ओतलं आणि सिमेंटच्या ब्लॉकची भिंत स्वतःच्या हातानं चढवली. धाकटा भाऊ खेमराज पलीकडून बघत होता. भिंत डोक्यावर गेली, तसा तो आपल्या भागाला कुलूप लावून बायकोसह तुमसरला निघून गेला.

एका दुपारी ताराचंद भिंतीवर पाणी मारत असताना पलीकडे ताटं मांडल्याचा आवाज आला.

"खेमराज आला का वं?" त्यानं बायकोला विचारलं.

शकुनबाई रस्त्यानं जाऊन पाहून आली. "कुलपावर धूळ बसली आहे. कायले उगाच त्याचं नाव काढता?"

ती आत गेल्यावर ताराचंदनं ओल्या भिंतीला कान लावला. पलीकडे खेमराज हसत होता. "दादा, आणखी भात घे न."

"वाढ," दुसरा म्हणाला. तो आवाज ताराचंदचाच होता.

ताराचंदनं दोन्ही मुठींनी भिंत बडवली. पलीकडचं हसणं थांबलं.

"कोन ठोकून राहिला रे, खेमराज?" त्याच्याच आवाजानं विचारलं.

"कोनी नाही, दादा. तू जेव. तिकडं कोनी राहतच नाही."