जावयाचा निरोप

सन चोपन्नच्या वैशाखात मोठं वादळ झालं, झाडं आडवी पडली आणि कामठ्याची सडक बंद झाली. हे ऐकून लक्ष्मीचंदला मनातून बरंच वाटलं. कामठ्याला मेहुण्याचं लग्न होतं. पण मागच्या लग्नात सासऱ्याने धाकट्या जावयाला त्याच्याआधी टिळा लावला होता आणि तो राग अजून उतरला नव्हता.

"बैलबंडी काहाडूच नोको," त्याने बायकोला, रामबाईला, बजावलं. "मानूस काय, कुत्राही त्या वाटेनं जाऊ शकत नाही. आता लग्नाले जानं रद्द."

रामबाईचा तो एकुलता एक भाऊ. ती रडेल, भांडेल, म्हणून लक्ष्मीचंद तयारीतच बसला होता. पण ती शांतपणे म्हणाली, "बरं जी. पन ते लोकं आपली वाट पाहून राहिले असतील. निरोप तरी पाठवाले पायजे."

मानी जावयाला हे एकदम पटलं. "पाठव कोनालेही," तो ऐटीत म्हणाला. "म्हनावं, जावई याले तयारच होते, पन वाट बंद हाये."

सकाळी तो उठला तर चूल थंड आणि घरात सामसूम. दारात येऊन त्याने शेजारच्या मुन्नीबाईला विचारलं, "आमची रामबाई कोठी गेली?"



"कामठ्याले गेली ना जी, नवं लुगडं नेसून," मुन्नीबाई म्हणाली. "वाट बंद हाये हा निरोप द्याले."