वापरातली बाटली

"छान आहे हो, पण फेसच येत नाही," ही गिऱ्हाइकांची कुरकुर ऐकून ऐकून तिचे कान किटले. शेवटी तिने घरी करून विकायच्या शाम्पूतला नारळापासून केलेला सौम्य सर्फॅक्टंट, म्हणजे मळ काढणारा घटक, वगळला आणि भांड्यांच्या साबणात असतो तो कडक घातला. मग फेस असा आला की विचारू नका! बाटलीवरचं ‘सौम्य’ हे लेबल मात्र तिने तसंच राहू दिलं.

आज नणंद आली ती डोकं खाजवतच. भांगात लाल चट्टे उठले होते.

"डॉक्टर म्हणाले, केसांना लावता ते सगळं बंद करा. तेल सोडलं, रंग सोडला. तुझा शाम्पू तेवढा ठेवलाय, वहिनी. घरचाच तर आहे, त्याने काय होणार? उलट आता रोज लावते. एक बाटली दे ना."

कपाटातल्या नव्या बाटल्यांकडे न बघता वहिनी बाथरूममध्ये गेली आणि स्वतःपुरता जुन्याच पद्धतीने केलेला शाम्पू घेऊन आली.

"अगं, ही तर तुझी वापरातली," नणंद म्हणाली. "मग त्या नव्या कुणासाठी?"